तो पैसा कुठून आला, हे मला ठाऊक होतं

“तू यवतमाळचा, आणि कीटकनाशकाच्या कंपनीच्या पैशावर संशोधन करतोस?” गावी गेलो की हे कुणीतरी विचारतंच. पुण्यातले मित्र फोनवर विचारतात, इथे डेन्मार्कमधल्या गणेशोत्सवातही प्रसादाच्या रांगेत विचारून झालंय. विचारणाऱ्यांना ती कंपनी, केमिनोव्हा, माहीत असते, २०१७ साली फवारणीच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले तेही माहीत असतं, म्हणून त्यात पुन्हा शिरत नाही. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मी विषय मिटवत आलो. त्या दोन वाक्यांचा आता मलाच वीट आलाय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहितो.

कंपनीनं मला एक डॅनिश क्रोनरही दिलेला नाही. माझं काम शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींवर आहे. हवेतला नत्र जिवाणूंच्या मदतीनं झाडाला कसा मिळतो, हे त्यात पाहायचं असतं. त्याला अनुदान दिलं ऑर्हस विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानानं. काय शोधायचं, काय छापायचं, याबद्दल कुणी मला कधी अवाक्षर सुचवलं नाही. हे खरं आहे, आणि एवढं बोलून मी थांबत असे.

पण प्रतिष्ठानाकडे पैसा आला कुठून? गुन्नार आंद्रेआसन नावाच्या इंजिनिअरनं १९३८ साली केमिनोव्हा ही कंपनी काढली आणि १९४४ साली तिचे शेअर्स देऊन हे प्रतिष्ठान उभं केलं. डेन्मार्क तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. ऑर्हसचं विद्यापीठ १९२८ सालचं, म्हणजे अजून कोवळंच. अशा वेळी एका कारखानदारानं आपली कंपनी संशोधनाच्या नावावर करावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं आणि ते मी लपवणार नाही. पुढे कंपनी शेअर बाजारात गेली, वर ऑरिगा नावाची धारक (होल्डिंग) कंपनी आली, तरी मतांचं बहुमत प्रतिष्ठानाकडेच राहिलं. म्हणजे ‘कंपनी वेगळी, प्रतिष्ठान वेगळं’ हे माझं ठरलेलं उत्तर कागदावर बरोबर होतं, एवढंच. तिकडे नफा झाला की इकडे संशोधनाला पैसा मिळे.

नफा कशातून? पॅराथिऑन, मिथाइल पॅराथिऑन, मॅलॅथिऑन, डायमेथोएट या कीटकनाशकांतून. पॅराथिऑन शोधलं जर्मनीतल्या गेरहार्ड श्राडरनं. टॅबून आणि सरीन ही युद्धासाठीची विषं त्याच माणसाच्या हातून, त्याच रासायनिक घराण्यातली. युद्धानंतर ही औषधं बनवणाऱ्यांत केमिनोव्हा पुढे आली. डेन्मार्क एवढासा देश, त्यामुळे जवळजवळ सगळा माल बाहेर जाई. ही औषधं करतात काय, तर नसेचा निरोप स्नायूला पोचवून झाल्यावर तो निरोप पुसून टाकणारं जे एन्झाइम शरीरात असतं, तेच बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाही. हे एन्झाइम अळीत असतं तसंच माणसातही असतं. मॅलॅथिऑन माणसाच्या शरीरात बऱ्यापैकी मोडून पडतं, म्हणून त्यातल्या त्यात सौम्य. पॅराथिऑनमध्ये ती सवड नाही.

कारखाना सुरुवातीला कोपनहेगनजवळ होता. १९५० नंतरच्या दशकात तो पश्चिम किनाऱ्यावर रॉनलँडला हलला. एका अंगाला उत्तर समुद्र, दुसऱ्या अंगाला लिमफ्यॉर्ड, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे १९५७ ते १९६२ या काळात कारखान्याचा रासायनिक कचरा समुद्राला लागूनच वाळूत टाकला गेला, तोही त्या वेळच्या परवानगीनं. किनाऱ्याची धूप अडवायला बांधलेल्या दगडी धक्क्यांना तिथे नंबर आहेत, त्यावरून ती जागा ‘होफ्दे ४२’ म्हणून ओळखली जाते. २००६ साली भोवती पोलादी भिंत जमिनीत खोल ठोकून ते विष कोंडलं. ते काढून टाकण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. मी तिथे जाऊन आलोय. वाऱ्यात उभं राहवत नव्हतं, आणि दिसायला तिथे वाळू आणि गवत याखेरीज काही नव्हतं. तिथल्या लोकांनी मेलेले मासे पाहिले, वास सहन केला, आणि त्याच कारखान्याच्या पगारावर घरंही बांधली. त्यांना कुणी येऊन ‘तुम्ही तिथे काम कसं करता’ असं विचारत असेल का, हे माझ्या मनात येतं.

आता ते सांगतो, जे मी विचारणाऱ्यांना कधीच सांगितलेलं नाही.

माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी कृषी केंद्र होतं. बीटी कापूस यायच्या आधीची वर्षं. बोंडअळी अशी की आठ-आठ दिवसांनी फवारणी करावी लागे. आमच्या शेतात सालगडी होता, त्याला मी मामा म्हणायचो. भाद्रपदात एका दुपारी त्याला बैलगाडीत घालून दुकानासमोर आणलं. अंगातला सदरा घामानं ओला आणि त्याला औषधाचा वास. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, दंडाचं मांस नुसतं थरथरत होतं. औषध चढलं, एवढंच गाडीवाला म्हणाला. वडिलांनी आधी त्याचा सदरा फाडून काढला, बादलीभर पाणी ओतलं, मग जीप मागवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “डबा आणला का?” डबा शोधायला शेतात जावं लागलंच नाही. वडील दुकानातून निघतानाच त्याच औषधाचा एक, सीलबंद, खिशात घालून आले होते. लाल त्रिकोणाचा. तो डबा टेबलावर ठेवताना त्यांचा चेहरा मी पाहिला. कंपनी कोणती, हे मी इथे लिहीत नाही. विकणारे आम्ही होतो.

रात्रभर अ‍ॅट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, चाललं. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत, तोंड कोरडं पडेपर्यंत देत राहायचं, असं डॉक्टर कंपाउंडरला सांगत होते. पहाटेकडे मामा बरळायला लागला, उठून पळू पाहत होता, म्हणून खाटेला हातपाय बांधले. त्याची बायको माझ्या वडिलांना म्हणाली, “मालक, यानं काई चुकीचं तं नाई केलं ना?” हातमोजे नव्हते, तोंडाला बांधायला तिचाच लुगड्याचा तुकडा होता, वारा उलटा होता, आणि तिला वाटत होतं की नुकसान आमचं झालं. वडिलांच्या तोंडून उत्तर निघालं नाही.

मामा वाचला. हातांची थरथर मात्र पुढे राहिली. त्याच हंगामात तो पुन्हा पाठीवर पंप घेऊन कापसात उतरला, कारण सालाचे पैसे आधीच उचललेले होते. दुकानही चालू राहिलं.

कॉलेजात असताना मी वडिलांशी यावरून कडाडून भांडलो. दुकान बंद करा, हा पाप्याचा धंदा आहे, म्हणालो. तेव्हाचा मी माझ्या आजच्या अनुदानाचं पत्र वाचतो तर फाडून टाकतो. त्याला काय सांगू? की मिथाइल पॅराथिऑनला युरोपात २००३ साली दार बंद झालं आणि भारतात २०१८ साली, आणि मधली पंधरा वर्षं आपल्या सरकारनं परवानगी दिली म्हणून ते विकलं गेलं? की केमिनोव्हावर डेन्मार्कमध्येच टीका झाली, आणि मग कंपनीनं सर्वांत जहाल वर्गातली औषधं गरीब देशांतून मागे घेण्याचं जाहीर केलं? तो म्हणेल, टीका झाल्यावरच का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. कंपनीचा कारखाना गुजरातेत पानोलीलाही होता, हे त्याला कळलं तर तो आणखी चिडेल.

पण त्यालाही मी एक विचारतो. तू हे भांडण ज्या कॉलेजात शिकलास, तिथली फी कुठून आली? वडिलांनी तेव्हा हेच विचारलं होतं, “तुह्या शिक्षणाची फी म्या कायच्या पैशातून भरली, सांग बरं?” मला राग आला होता. आज वाटतं, ते बचाव करत नव्हते. खरंच विचारत होते.

२०१५ साली अमेरिकेच्या एफएमसी या रसायन कंपनीनं साडेआठ अब्ज क्रोनरला केमिनोव्हा घेतली. त्यानंतर प्रतिष्ठानाचा पैसा गुंतवणुकीतून येतो, औषधातून नाही, असंही मी लोकांना सांगून पाहिलं. समोरचा मान डोलावतो. पण तो साडेआठ अब्जांचा भाव सत्तर वर्षांच्या विक्रीनंच ठरवला होता, हे मला कळतं.

आणि तरीही पैसा परत करावा, असं मला वाटत नाही. तो नाकारला असता तर मुळांच्या गाठींवरचं काम झालं नसतं, आणि होफ्देची वाळू काही स्वच्छ झाली नसती. तुरीला, हरभऱ्याला युरियाशिवाय भागतं ते का, आणि इतर पिकांना तसं भागवता येईल का, हा प्रश्न आमच्या कोरडवाहू शेताचाच आहे. हे मी मनापासून म्हणतो. मात्र हे म्हणणाऱ्याला अनुदान हवं असतं, हेही मी विसरत नाही.

पुढचा अर्ज याच प्रतिष्ठानाकडे करायचा का, हे ठरलेलं नाही. वडील म्हणतात कर. बायको म्हणते, कर, पण मग प्रश्न विचारणाऱ्यांवर चिडू नकोस. मामा अजून गावात आहे. चहाची कपबशी तो दोन्ही हातांनी धरतो. मला अनुदान कुणाकडून मिळतं, हे त्याला मी सांगितलेलं नाही. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत. त्यानं विचारलं नाही, कारण त्याला ते माहीतच नाही, आणि उत्तर द्यायचं तर खरं म्हणजे त्याला द्यायला हवं.