ज्याला हात लावला नाही, ते तसंच राहायला हवं

सोमवार, रात्री

मी लिहीत असलेल्या स्क्रिप्ट एडिटरमध्ये गेमची फाइल उघडली, काहीही न बदलता सेव्ह केली आणि मूळ फाइलशी बाइट न् बाइट ताडून पाहिली. 'फायनल फँटसी ७'च्या यच्चयावत फील्ड फाइलींवर आज हाच प्रयोग ओळीने चालवला. स्क्रिप्टचा भाग सगळीकडे तंतोतंत जुळला. दाखवण्यासारखं यात काहीच नाही. ना नवं बटण, ना नवी खिडकी. पण स्क्रिप्ट एडिटर लिहिणाऱ्यासाठी याहून मोठी गोष्ट दुसरी नसावी असं मला मनापासून वाटतं.

हा गेम १९९७ साली प्लेस्टेशनवर आला, तीन डिस्कवर. त्यातली प्रत्येक जागा, मग ती खोली असो, गल्ली असो की रेल्वेचा डबा, म्हणजे एक 'फील्ड', आणि प्रत्येक फील्डची स्वतःची स्क्रिप्ट. कोण कुठे उभा राहणार, त्याच्याशी बोललं की तो काय म्हणणार, दार कधी उघडणार, संगीत कुठे थांबणार, सगळं तिच्यात. गेममध्ये ती बाइटांच्या रूपात असते. माझं टूल त्या बाइटांचा वाचता येईल असा मजकूर करतं आणि बदललेल्या मजकुराचे पुन्हा बाइट करतं.

'माको रिॲक्टर' हा चाहत्यांनीच बनवलेला मुक्त एडिटर या गेमसाठी आधीपासून आहे, आणि तो उत्तम आहे. त्याच्याशी स्पर्धा नाही. मला हवी होती साधी टेक्स्ट फाइल. संवाद आणि आज्ञा एकाखाली एक, नाटकाच्या संहितेसारख्या वाचता याव्यात, आणि कालची प्रत व आजची प्रत शेजारी ठेवली की नेमकी कुठली ओळ बदलली ते दिसावं. तेवढ्यासाठी हा घाट.

ताडून पाहण्याबद्दल एक नोंद, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. पीसी आवृत्तीतल्या फील्ड फाइली एलझेडएसएस पद्धतीने कॉम्प्रेस केलेल्या असतात. आधी येऊन गेलेले बाइट पुन्हा आले की ते परत लिहायचे नाहीत. 'अमुक ठिकाणाहून इतके उचल' एवढंच दोन बाइटांत लिहायचं. ४,०९६ बाइटांपर्यंत मागे पाहता येतं आणि एका वेळी ३ ते १८ बाइट उचलता येतात. कुठला तुकडा कुठून उचलायचा हे कॉम्प्रेस करणारा प्रोग्रॅम ठरवतो, त्यामुळे तीच माहिती दोन प्रोग्रॅमनी कॉम्प्रेस केली तर फाइली वेगळ्या दिसू शकतात आणि तरी दोन्ही बरोबर असतात. म्हणून तुलना करायची ती फाइल उलगडल्यानंतर. कॉम्प्रेस केलेल्या फाइली जुळल्या नाहीत म्हणून घाबरून जाऊ नये.

मंगळवार

आज कोड फार लिहिला नाही, वाचत बसलो.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला आठ बाइटांची एक जागा आहे. तिच्यात ते फील्ड बनवणाऱ्याचं नाव असतं. पुढच्या आठ बाइटांत फील्डचं नाव, आणि त्यापुढे त्या जागेतल्या प्रत्येक घटकाचं, म्हणजे पात्र, दार, अदृश्य रेषा यांचं, आठ-आठ बाइटांत नाव. यातलं काहीही खेळताना कधीच दिसत नाही. गेमला त्यांची गरजही नाही. घटक त्याला क्रमांकानेच कळतात. ही नावं माणसांनी एकमेकांसाठी, आणि उद्याच्या स्वतःसाठी, लिहून ठेवली. काही इतकी तोडलेली आहेत की अर्थ लागत नाही. आठ अक्षरांत बसवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार!

टूलमध्ये ती सगळ्यात वर दाखवतोय. घटकाचा नुसता क्रमांक दाखवला असता तरी चाललं असतं. पण एखाद्या गल्लीची स्क्रिप्ट उघडल्यावर ती कुणीतरी रात्री जागून लिहिली होती हे पहिल्याच ओळीत कळावं, असं मला वाटतं.

फायलींत आणखीही बरंच काही पडून आहे. कुठलीच आज्ञा ज्यांना बोलावत नाही असे संवाद. परतीच्या आज्ञेनंतर लिहिलेल्या, कधीच न चालणाऱ्या ओळी. चाचणीसाठीच्या खोल्यांचे अवशेष. स्क्रिप्ट जशी चालेल तशीच वाचत जाणारं टूल हे सगळं गाळून टाकतं, कारण तिथे कुणी पोचतच नाही. मी ते गाळणार नाही. गेमला ज्याचा उपयोग नाही ते वाचणाऱ्यालाही निरुपयोगी असं थोडंच आहे? कधीकाळी एखादा प्रसंग वेगळा घडणार होता याचा तेवढाच पुरावा शिल्लक असतो.

गुरुवार, पहाटे

उड्यांचं, म्हणजे स्क्रिप्टमध्ये मधल्या ओळी टाळून पुढे जायला सांगणाऱ्या आज्ञांचं, काम झालं. डोळे चुरचुरताहेत, पण लिहून ठेवतो.

या भाषेत प्रत्येक आज्ञेची सुरुवात एका बाइटाने होते. हेक्समधला, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतला, ४० म्हणजे संवाद दाखव. मागोमाग खिडकीचा क्रमांक आणि संवादाचा क्रमांक. २४ म्हणजे थांब. १० म्हणजे पुढे उडी मार, आणि किती पुढे ते पुढच्या एका बाइटात. एका बाइटात मावणारा सर्वांत मोठा आकडा २५५. त्याहून लांब जायचं तर ११ ही वेगळी आज्ञा, जिच्यात अंतराला दोन बाइट मिळतात. अटींचंही तेच. 'हा आकडा इतका असेल तर पुढचं कर, नाहीतर उडी मार' याच्याही आखूड आणि लांब अशा दोन जाती.

आता समजा, कुणीतरी मधे दोन ओळी घातल्या. त्यांच्यावरून जाणारी प्रत्येक उडी लांबली. त्यातली एखादी २५५च्या पुढे गेली की ती लांब जातीची करावी लागते. लांब जात एका बाइटाने मोठी. म्हणजे तिच्यावरून जाणाऱ्या उड्या आणखी एकाने लांबल्या, आणि त्यांतली एखादी नेमकी काठावर असली की तीही गेली. एक बदल दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला. त्यामुळे एकदा हिशेब करून भागत नाही. कुठलीच उडी वाढायची उरत नाही तोवर पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

हे थांबेल याची खात्री काय? एका अटीवर थांबतं: उडी फक्त वाढवायची, पुन्हा आखूड कधीच करायची नाही. उड्या मोजक्या, आणि प्रत्येक जास्तीत जास्त एकदाच वाढू शकते. मग शेवट येणारच. कागदावर हे मांडल्यावर इतकं स्वच्छ दिसलं की थोडा वेळ नुसता पाहत बसलो.

या अटीचा दुसरा फायदाही आहे. मूळ लेखकाने काही ठिकाणी गरज नसताना लांब उडी वापरली असेल, तर माझं टूल ती आखूड करू शकलं असतं. जागा वाचली असती. पण ते माझं काम नाही. तो बाइट तिथे ज्या कुठल्या कारणाने असेल त्या कारणाने असो. वापरणाऱ्याने ती ओळ बदलली नसेल, तर टूलनेही बदलायची नाही. सोमवारचा प्रयोग यशस्वी झाला तो याच नियमामुळे.

शनिवार

टूल वापरून पाहणाऱ्या एकीचा निरोप आला. ती संवादांचा अनुवाद करतेय. लिहिते: "दादा, प्रश्न माझ्या भाषेत एका ओळीत मावत नव्हता, म्हणून दोन ओळी केल्या. आता पर्याय निवडायचा तो पांढरा हात प्रश्नाच्याच दुसऱ्या ओळीवर जाऊन उभा राहतो. 'हो' निवडलं की गेम 'नाही' समजतो. स्क्रिप्टला मी हातसुद्धा लावलेला नाही."

तिचं खरं आहे, तिने लावलेला नाही. गोम अशी की या गेममध्ये प्रश्न विचारणारी आज्ञा, हेक्समधला ४८, आपल्याबरोबर दोन आकडे बाळगते: पर्याय कितव्या ओळीपासून सुरू होतात आणि कितव्या ओळीवर संपतात. शून्यापासून मोजायचं. प्रश्न एक ओळ आणि पर्याय दोन असतील तर ते आकडे १ आणि २. तिने प्रश्न दोन ओळींचा केला, पर्याय खाली सरकून २ आणि ३वर गेले, पण आज्ञेत अजून १ आणि २च. मग हात प्रश्नाच्या शेपटावर उभा राहणार, 'हो'च्या जागेला गेम दुसरा पर्याय समजणार आणि खऱ्या 'नाही'पर्यंत हात पोचणारच नाही. सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय, आणि तरी चुकीचं.

संवादाच्या चौकटीचंही असंच. तिची जागा, रुंदी आणि उंची स्क्रिप्टमधली वेगळी आज्ञा ठरवते. मजकुराला त्याचा पत्ताही नसतो. त्यात पात्राचं नाव संवादात लिहिलेलं नसतं. एक बाइट असतो, आणि त्याच्या जागी खेळाडूने ठेवलेलं नाव येतं. ते किती रुंद असेल हे आधी कुणाला ठाऊक? म्हणून अनुवाद करणाऱ्याला नुसते संवाद काढून द्यायचे आणि तो परत देईल ते भरून टाकायचं, ही पद्धत मला पहिल्यापासून पटलेली नाही. ज्या आज्ञेने तो संवाद येतो ती आज्ञा संवादाशेजारी दिसलीच पाहिजे.

तिचं पुढचं म्हणणं: "मग टूलनेच आकडे नीट करून टाकायचे ना!"

दुपारभर यावरच विचार चालला होता. करता येईल? बऱ्याचदा येईल. पण ओळी वाढल्या त्या प्रश्नात की पर्यायांत, हे टूलला कळायचं कसं? एखादा पर्यायच लांबून दोन ओळींचा झाला असेल तर? आणि तोच संवाद दोन वेगळ्या आज्ञा वापरत असतील, एक प्रश्न म्हणून आणि एक नुसता मजकूर म्हणून, तर? अंदाजाने केलेली दुरुस्ती दहा ठिकाणी बरोबर निघते आणि अकराव्या ठिकाणी कथेतला एखादा निर्णय गुपचूप उलटा करून ठेवते. तो कुणाला दिसेल? वीस तास खेळून तिथवर पोचलेल्या माणसाला.

म्हणून असं ठरवलं: प्रश्नाच्या संवादात पर्यायांच्या ओळींपुढे खूण दिसेल. ओळींची संख्या बदलली की टूल इशारा देईल, कुठली आज्ञा तपासायची ते दाखवेल, आणि वापरणाऱ्याने आकडे पक्के केल्याशिवाय ते फील्ड सेव्ह करणार नाही. तिला तसं कळवलं. संध्याकाळी तिने दोन्ही आकडे स्वतः बदलले. हात जागेवर आला. "आता कळलं आत काय चालतं ते," असं तिने लिहिलं. मला टूलकडून हेच हवंय. वापरणाऱ्याला आतलं कळत जावं.

रविवार

आज सोबत द्यायची माहिती लिहिली. गेमची एकही फाइल, एकही संवाद टूलबरोबर जाणार नाही. ज्याच्याकडे स्वतःची प्रत आहे त्यानेच ते वापरावं. उदाहरणासाठीसुद्धा मूळ संवाद घेतले नाहीत. एक छोटं फील्ड स्वतः लिहिलं, दोन पात्रं आणि एक दार एवढंच. ज्यांच्या कामावर आपण उभे आहोत त्यांच्याशी इतकं तरी सरळ वागायलाच हवं.

एक यादी बाकी आहे. गेमची कथा कुठवर आली हे एकाच आकड्यात साठवलेलं असतं, आणि कितीतरी फील्ड तो वाचून ठरवतात की आत्ता कोणता प्रसंग चालू आहे. तो आकडा कुठल्या फील्डमध्ये वाचला जातो आणि कुठे बदलला जातो, याची यादी टूलने आपणहून काढून द्यावी. तो चुकीच्या जागी बदलला तर सगळी कथा पुढे-मागे होते. नवख्याला हे आधी कुणी सांगत नाही. आठ बिटांच्या (एका बाइटाच्या) आणि सोळा बिटांच्या (दोन बाइटांच्या) आज्ञा त्या आकड्याची हीच जागा दोन वेगळ्या क्रमांकांनी वाचतात, तेव्हा दोन्हीकडे शोधायला लागेल.

उद्या तिथूनच सुरुवात. आणि त्यानंतर, दुसरं काहीही करण्याआधी, सोमवारचा प्रयोग पुन्हा सगळ्या फाइलींवर.