तार गावातून जाते, गावात येत नाही

जिल्ह्याच्या ब्रॉडबँड आराखड्यात गाव नसतं, ग्रामपंचायत असते. एक ग्रामपंचायत, एक ठिपका. फायबर पोचली की ठिपका हिरवा होतो आणि आढावा बैठकीत हिरवे ठिपके मोजले जातात. 2011 मध्ये ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची केंद्राची योजना मंजूर झाली तेव्हापासून, म्हणजे भारतनेट हे नाव पडायच्याही आधीपासून, हेच एकक चालत आलंय. मी नागपुरात बसून असे मार्ग आखतो आणि मग ते जमिनीवर तपासायला जातो.

आधी तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवरून निघालेली केबल ग्रामपंचायतीत जाऊन संपायची. वाटेत जेसीबीचा एक फटका बसला की पुढचं सगळं बंद. 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात रिंग आली, म्हणजे केबलचं वर्तुळ. एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालू राहतं. पण रिंग पूर्ण करायची म्हणजे जिथून कधी जायचं नव्हतं तिथूनही केबल न्यावी लागते. रामटेक तालुक्यात देवलापारच्या पुढे आमच्या रिंगचा शेवटचा तुकडा असाच जंगलातून, एका लहान गावाच्या शाळेला लागून जात होता. गाव गट ग्रामपंचायतीतलं, वस्ती बहुतेक गोंडांची, ग्रामपंचायतीचं कार्यालय नाल्यापलीकडे दुसऱ्या गावात.

वनजमीन म्हणून वनहक्क कायद्याचं कलम 3(2) लागू झालं. शाळा, दवाखाना, वीज आणि दूरसंचार लाईन अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी जागा देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवीच. त्यासाठी मी गेलो. एप्रिल होता. बाया पहाटेपासून मोहफुलं वेचायला जंगलात, म्हणून सभा संध्याकाळी, शाळेच्या पटांगणात. मी नकाशा पसरला, नाला कुठे ओलांडणार, डक्ट, म्हणजे केबलची नळी, किती खोल जाणार, सगळं सांगितलं. बचत गटाच्या एक मावशी नकाशावर बोट ठेवून बसल्या होत्या.

"म्हंजे तार आमच्या शाळेपासून जाईन?"

"हो मावशी, कुंपणालगत."

"आन् आमाले भेटन?"

मी म्हटलं, ही केबल दोन ग्रामपंचायतींना जोडायला आहे.

"मंग परवानगी आमाले काऊन मांगता जी? ग्रामपंचायतीले मांगा ना."

त्या वाक्यापासून मला सुटका नाही. वनहक्क कायद्याच्या हिशेबात हे गाव स्वतंत्र आहे, त्याची स्वतःची ग्रामसभा आहे, तिच्या शिफारशीशिवाय एक खड्डाही खणता येत नाही. आमच्या आराखड्यात तेच गाव नाही. घेताना गाव मोजलं जातं, देताना ग्रामपंचायत.

आणि गरज त्यांची मोठी आहे. गाव खोलगट भागात, मोबाईलचा सिग्नल टेकडीवरच. रेशनचं मशीन तिथे घेऊन जातात, म्हाताऱ्या माणसांना अंगठा द्यायला चढायला लावतात. रोजगार सेवक हजेरीचे फोटो अपलोड करायला तिथेच जातो. पेंचच्या जंगलात फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना मोहाचे लाडू विकतात त्या बाया. पैसे क्यूआरवर आले की नाही हे बघायलाही टेकडीच. डिजिटल अर्थव्यवस्थेच्या आमच्या सादरीकरणात मात्र पहिला फोटो मिहानचा, नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग वसाहतीचा, असतो. मिहानला फायबरची कमतरता कधीच नव्हती.

ग्रामसभेने शिफारस दिली, एकमताने. पण ठरावात एक ओळ घातली: केबल जाताना आमच्या शाळेत जोडणी द्यावी.

आता यात करता येण्यासारखं काय आहे ते सांगतो, कारण कार्यालयात बसलेल्यांना हे पटवायलाच माझा जीव जातो. केबल साधारण 2 किलोमीटरच्या ड्रममध्ये येते. ड्रम संपला की पुढच्या केबलशी जॉइंट, आणि जॉइंटला चेंबर, म्हणजे जमिनीतला झाकणाचा कप्पा. ठेकेदार जिथे ड्रम संपेल तिथे जॉइंट घेतो. मग तो जंगलात पडो नाही तर नाल्याच्या काठावर. केबलमध्ये 24 तंतू, सगळे काही रिंगला लागत नाहीत. मी ड्रमची मांडणी पुन्हा केली. आधीच्या टप्प्यातली ढील आणि नाल्याची ओलांडणी धरून एक जॉइंट बरोबर शाळेच्या कुंपणापाशी आणला. एकूण जॉइंट तेवढेच, केबल जेमतेम वाढली. चेंबरमध्ये लूप, म्हणजे केबलचं जादा वेटोळं, सोडलं की पुढे कधीही दोन तंतू काढून शाळेत नेता येतात. आज हे केलं नाही, तर नंतर चालू केबल कापा, ताणलेली टोकं जुळत नाहीत म्हणून मध्ये तुकडा घाला, एकाऐवजी दोन जॉइंट करा. जंगलात पुन्हा खोदायचं म्हणजे परवानगीचं चक्रही पहिल्यापासून.

ड्रमचा बदल मंजूर झाला. तांत्रिक होता, त्यावर कुणी फार बोललं नाही. ठरावातल्या त्या ओळीवर मात्र बोलले. वरिष्ठ म्हणाले, अट घातलेला ठराव नको, साधा करून आणा. मी नाही म्हटलं. लोकांनी विचार करून लिहिलेलं खोडायला मी परत त्यांच्यापुढे जाणार नाही.

सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायतीबाहेरच्या गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची तरतूद आहे, देशभरात अशी सुमारे 3.8 लाख गावं. मागणी कुणी करायची? अर्ज ग्रामपंचायतीमार्फत यावा, असं मला सांगितलं जातं. म्हणजे नाल्यापलीकडच्या कार्यालयाने या गावासाठी मागायचं. मी तोच ठराव, ग्रामसभेच्या सह्या-अंगठ्यांसकट, मागणीपत्र म्हणून वेगळ्या टिपणीसोबत पुढे पाठवला. टिपणीत लिहिलं की ज्या ग्रामसभेची शिफारस जमिनीसाठी चालते, तिची मागणी जोडणीसाठीही चालायला हवी. उत्तर आलेलं नाही. जोडणीसाठी शाळेत बसवायच्या यंत्राचं वीजबिल कोण भरणार, एवढी एक विचारणा फोनवर झाली. ते बचत गट भरायला तयार आहे. मावशींनी त्या सभेतच सांगितलं होतं, आणि मी तेही टिपणीत लिहिलंय.