इसब कोणाच्या घराण्यातून आला?

तान्ह्या मुलाच्या गालांवर आणि हातापायांवर लाल, खरखरीत चट्टे उठले आणि डॉक्टरांनी इसबाचे निदान केले की आपल्याकडे चौकशी बहुधा आईपासून सुरू होते. बाळंतपणात वांगे खाल्ले का, अंगावरचे दूध बाधले का, अशी ती चौकशी असते आणि आमच्या मुलुंडच्या घरातही ती झाली. बालरोगतज्ज्ञांनी मात्र माझ्या आहाराचा विषयही काढला नाही. दोन्ही घराण्यांत कोणाला दमा, सकाळच्या शिंका किंवा लहानपणी असे चट्टे होते का, एवढेच त्यांनी विचारले. ‘आमच्याकडे नाही हो कोणाला,’ असे सासूबाई म्हणत असतानाच त्यांच्या चिरंजीवांनी खिशातला इन्हेलर काढून टेबलावर ठेवला.

गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईने दूध, अंडी वर्ज्य केल्यामुळे मुलाचा इसब टळतो, याला संशोधनात आधार मिळालेला नाही. आनुवंशिकतेला मात्र भक्कम आधार आहे. आईवडिलांपैकी एकाला दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा इसब असेल तर मुलाचा धोका वाढतो आणि दोघांनाही असेल तर तो आणखी वाढतो. जुळ्यांच्या अभ्यासांतही हेच दिसते: एकबीज जुळ्यांपैकी एकाला इसब असल्यास दुसऱ्यालाही तो होण्याची शक्यता द्विबीज जुळ्यांपेक्षा पुष्कळच जास्त असते.

या वारशाचा सर्वांत ठळक धागा 2006 साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांच्या हाती लागला. पहिल्या गुणसूत्रावरील एक जनुक फिलॅग्रिन नावाचे प्रथिन तयार करते. हे प्रथिन त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशींच्या आतले तंतू घट्ट बांधून त्या थराला बळकटी देते आणि पुढे त्याचे विघटन होऊन जे घटक निर्माण होतात ते त्वचेत ओलावा धरून ठेवतात व तिची आम्लता टिकवतात. जनुकात दोष असेल तर भिंतीतला गिलावाच कच्चा राहतो: आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ, जंतू व ॲलर्जीकारक कण आत शिरतात. युरोपीय वंशाच्या साधारण दहा टक्के लोकांत असे दोष आढळतात. आशियाई लोकांत ते वेगळ्या प्रकारचे असतात, त्यामुळे तिकडची चाचणी जशीच्या तशी आपल्या मुलांना लावता येत नाही. शिवाय दोष असलेल्या अनेकांना इसब कधीच होत नाही आणि इसब असलेल्या अनेक मुलांत हा दोष सापडत नाही. म्हणूनच, केवळ कुतूहलापोटी जनुकीय तपासणीवर पैसे घालवण्यात मला अर्थ वाटत नाही. निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहतात.

जनुके एका पिढीत बदलत नाहीत, पण इसबाचे प्रमाण बदलते. जमैकातील किंग्स्टनमधल्या मुलांपेक्षा लंडनमध्ये जन्मलेल्या कॅरिबियन वंशाच्या मुलांत ते दुपटीहून अधिक आढळले होते. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी 1989 साली मांडलेली स्वच्छतेची उपपत्ती याच वळणाची आहे: मोठ्या भावंडांच्या घरात वाढणाऱ्या मुलांत गवतताप (परागकणांमुळे होणारी ॲलर्जीची सर्दी) आणि इसब कमी दिसतो, कदाचित लहानपणीच अधिक जंतूंशी गाठ पडल्यामुळे. हे वाचून मुलाला मुद्दाम धुळीत लोळवणाऱ्यांपैकी मी नाही. रहदारीचा धूर आणि तंबाखूचा धूर यांचा इसबाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे आणि मुंबईत या दोहोंच्या जोडीला शेजारच्या पुनर्विकासाची सिमेंटची धूळही असते.

तरी माझे लक्ष रस्त्यापेक्षा न्हाणीघराकडे अधिक गेले, कारण रस्ता माझ्या हातात नाही. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी आपल्या कामात वाकबगार होत्या. मोहरीच्या तेलाने रगडून मालीश, मग डाळीचे पीठ चोळून लव काढणे, कढत पाणी आणि शेवटी ओवा-वावडिंगाची धुरी. निरोगी त्वचेला यातले बरेचसे सोसते. पण मोहरीचे तेल त्वचेच्या संरक्षक थराला इजा करते, पीठ तो खरवडते, कढत पाणी उरलेला स्निग्धांश नेते आणि धूर नाकातोंडात जातो. त्वचाविकारतज्ज्ञांनी मोहरीचे तेल, पीठ आणि धुरी बंद करायला सांगितले. त्याऐवजी कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, सौम्य क्लीन्झर आणि अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर असा क्रम त्यांनी आखून दिला. मावशींचा रुसवा काढायला वेळ लागला, पण खोबरेल तेलावर तडजोड झाली. येथे एक भेद लक्षात ठेवावा: झालेल्या इसबात मॉइश्चरायझर निश्चित उपयोगी आहे, मात्र जन्मापासून तो रोज लावून इसब टाळता येतो का, हे पाहणाऱ्या 2020 सालच्या मोठ्या ब्रिटिश चाचणीचे उत्तर ‘नाही’ असेच आले.

त्वचेच्या फटींतून शिरणाऱ्या पदार्थांमुळे अन्नाची ॲलर्जीही जडू शकते, ही गोष्ट आपल्या घरांत फारशी कोणाला ठाऊक नसते. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या तान्ह्या मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली लवकर शेंगदाणा भरवला तर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी मुलांत होते, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील चाचणीत दिसले. म्हणजे मनाने पदार्थ बंद करत जाणे हे उलट नुकसानीचे ठरू शकते.

राहिला पाण्याचा प्रश्न. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्याच्या भागांत इसब जास्त आढळतो, असे ब्रिटनमधील पाहण्या सांगतात. मुंबई महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांत साठलेले पावसाचे पाणी असल्यामुळे ते बहुतांशी मृदू असते; जडपणा येतो तो बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यातून. उन्हाळ्यात आमच्या इमारतीत टँकर सुरू झाले तेव्हा सोसायटीच्या सभेत पाणी मृदू करणारे यंत्र बसवण्याचा ठराव आला आणि लहान मुलांच्या त्वचेचे कारण पुढे करण्यात आले. इसब असलेल्या मुलांच्या घरी अशी यंत्रे बसवून घेतलेली एक चाचणी 2011 साली इंग्लंडमध्ये झाली होती आणि तीत मुलांच्या त्वचेला काहीही फायदा दिसला नव्हता. नळांवर थर साचतो म्हणून यंत्र हवे असेल तर खुशाल बसवा, असे सांगून मी ठरावातले ते कारण तेवढे वगळायला लावले.