मिनेसोटात शेड बांधायची तर

आमच्या गॅरेजमध्ये आता गाडी सोडून सगळं मावतं. बर्फ उडवायचं यंत्र, गवत कापायचं यंत्र, मिठाच्या गोण्या, हिवाळी टायर, उन्हाळ्यात बाहेर काढायच्या खुर्च्या. म्हणून घरामागच्या मोकळ्या जागेत लाकडी शेड बांधायचं ठरवलंय. अमेरिकेतल्या या मिनेसोटा राज्यात जमीन अजून दगडासारखी गोठलेली आहे, त्यामुळे सध्या काम फक्त कागदावर.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या खळ्यात कुणी कधी नकाशा काढला नाही. चार खांब रोवले, वर पत्रे टाकले, एका अंगाला गुरं आणि दुसऱ्या अंगाला वखर, तिफण, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. सामान वाढलं की दोन पत्रे पुढे सरकवायचे. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर आबांना आलेखाच्या कागदावरचा नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो पाहिला आणि विचारलं, "इतली मोठी कसाले?"

आठ फूट बाय बारा फूट, मोठी कुठली! पण हे माप हौसेने निवडलेलं नाही. इथे प्लायवूडचा तक्ता चार बाय आठ फुटांचा मिळतो. शेडच्या शहाण्णव चौरस फुटांच्या तळाला बरोबर तीन तक्ते लागतात, कापाकापी नाही. भिंतीतले उभे वासेही सोळा-सोळा इंचांवर लावतात, म्हणजे तक्त्याच्या कडा वाशावरच येतात. नऊ बाय अकरा करायला गेलं की बरंच लाकूड तुकड्यांत जातं. (या वाशांना सगळे 'टू बाय फोर' म्हणतात. मोजले तर दीड बाय साडेतीन इंच भरतात. आबांना हे फसवणुकीसारखं वाटलं, आणि मला त्यांचं पटलं.)

मिनेसोटात २०० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली शेडला राज्याच्या नियमांनुसार बांधकाम परवाना लागत नाही. इथेच बरेच जण निर्धास्त होतात. परवाना नसला तरी कुंपणापासून किती अंतर सोडायचं, उंची किती ठेवायची, हे गावोगावच्या नगरपालिका ठरवतात. काही वसाहतींत रहिवासी संघ भिंतीचा रंगही ठरवून देतो. आणि जमिनीत फावडं घालण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठे आहेत ते दाखवणाऱ्या सेवेला, फोन करायचाच. माणसं येऊन गवतावर रंग मारून जातात: पिवळा म्हणजे गॅस, लाल म्हणजे वीज, निळा म्हणजे पिण्याचं पाणी, हिरवा म्हणजे सांडपाणी, केशरी म्हणजे टेलिफोन आणि इंटरनेट. ही सेवा घरमालकाला फुकट आहे. गावाकडे रस्ता खोदताना पाइपलाइन फुटली की ती कुठे होती ते कळतं, त्यामुळे मला याचं फार अप्रूप.

आबांचा खरा प्रश्न पायाचा होता. "पाया कितला खोल?" मी म्हटलं, पाया नाहीच. खडीच्या थरावर जाड लाकडी ओंडके आडवे ठेवायचे आणि त्यांवर शेड. ते गप्प झाले. मग मी गोठणाऱ्या जमिनीचं सांगितलं. मातीतल्या पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं, खालचं पाणी वर ओढलं जाऊन बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात, आणि जमीन वरचं सगळं उचलते. वसंतात पुन्हा खाली बसते, पण सगळीकडे सारखी नाही. मिनियापोलिसकडे पाया घालायचाच तर साडेतीन फूट खाली जावं लागतं, राज्याच्या उत्तरेला पाच फूट. एवढ्याशा शेडसाठी तो खर्च कोण करणार? त्यापेक्षा ती जमिनीबरोबर सबंध वरखाली होऊ द्यायची.

हे आबांना माझ्याआधी समजलं. आपली काळी माती पावसात फुगते, चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. म्हणून तर घर बांधताना मुरूम लागेपर्यंत खोदतात. कारण तिकडेही पाणी, इकडेही पाणी. "पानी कोठे जाई?" हा त्यांचा पुढचा प्रश्न मी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय. त्यामुळे जागा बदलली. आधी सखल कोपरा सोयीचा वाटत होता, आता शेड चढावर आहे. खडी सहा इंच जाड, शेडच्या चारही बाजूंना फूटभर बाहेर आलेली, आणि ओंडके जमिनीलगत टिकण्यासाठी औषध मुरवलेल्या लाकडाचे.

छपरावर आमचं फार बोलणं झालं नाही. आपलं धाबं सपाट असतं, वर खारी माती, मे महिन्यात आत गारवा. इथे सपाट छत म्हणजे हिवाळाभर डोक्यावर बर्फाचं ओझं. मी फुटाला चार इंच उतार धरलाय.

दाराचा निर्णय मात्र मी सगळ्यांत आधी घ्यायला सांगेन. आतलं सर्वांत रुंद यंत्र मोजा, त्यात हाताची जागा धरा, मग भिंती काढा. आमचं दार पाच फुटी, दोन पाखी, लांब बाजूला. बारा फुटांच्या टोकाला दार ठेवलं तर मागचं सामान काढायला पुढचं सगळं अंगणात मांडावं लागतं.

आबांची शेवटची सूचना उंदरांबद्दल होती. तळाखालच्या पोकळीत इथे ससे आणि स्कंकही (दुर्गंधी फवारणारा मांजराएवढा प्राणी) घर करतात, त्यामुळे बारीक लोखंडी जाळी कडेने जमिनीत पुरायची. तिचा रोल खरेदीच्या यादीत गेला. भिंतीला रंग कोणता, यावर बायको आणि मुलगी यांचं अजून जमलेलं नाही.