वळणावरचा वेग

कुडाळ स्टँडवर चहा घेत होतो. टपरीवरच्या टीव्हीवर बातमी, उतरता उतरता छोटं विमान कोसळलं. शेजारचे एसटीचे ड्रायव्हरकाका म्हणाले, "वळणार स्पीड कमी करूक व्हयो होतो, येवढा कळला नाय त्येका?"

त्या विमानाचं काय झालं, ते चौकशीत कळेल. पण काकांचं वाक्य डोक्यातून जाईना. फोंडाघाटात ते शंभर टक्के बरोबर. हवेत मात्र अनेक वैमानिक नेमके त्यामुळेच गेलेत.

धावपट्टीकडचं शेवटचं वळण घ्यायला उशीर झाला, की वैमानिक विमान जास्त कलवतो. कललेल्या पंखांना जास्त भार उचलावा लागतो, म्हणून तरंगायला वेगही जास्त लागतो. सपाट उडताना ताशी 90 किलोमीटरला तग धरणाऱ्या विमानाला, 60 अंश कलून उंची राखायची तर साधारण 127 हवेत. त्यात पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून नाक आणखी वळवलं, ते खाली जातंय म्हणून दांडा मागे ओढला, की आतल्या बाजूचा पंख आधी दगा देतो. विमान गिरकी घेतं. इंजिन ठणठणीत असतं हो! पण खाली जेमतेम काहीशे फूट. सावरणार कुठे?

उपाय साधा आहे. वळण चुकलं तर सोडून द्यायचं, पुन्हा वर जायचं, फेरी मारून यायचं.

पावसाळ्यात आपल्या चिपी विमानतळावर वैमानिक असा न उतरता पुन्हा वर गेला, तर आपल्यातले किती जण कुरकुरणार नाहीत?