बाई, मग कागदाचं विमान कसं उडतं?

नववीला विज्ञान शिकवायचे तेव्हा माझी एक हुकमी आकृती होती. फळ्यावर विमानाच्या पंखाचा छेद काढायचा, वर फुगीर, खाली सपाट. "वरच्या हवेला लांबचा रस्ता, खालचीला जवळचा. दोघींना मागच्या कडेला एकाच वेळी पोचायचंय, म्हणून वरची पळते. वेग वाढला की दाब कमी. झालं, विमान वर!" पोरं उतरवून घ्यायची, मी खडू झटकून मोकळी.

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग कागदाचं विमान कसं उडतं? त्याचे पंख तर सपाटच." "ते उडत नाही, तरंगतं," असं काहीतरी बोलून मी त्याला खाली बसवलं. वर वहीचं पान फाडल्याबद्दल दोन शब्द सुनावले आणि विमान जप्त केलं.

चूक माझी होती. दोघींनी एकाच वेळी पोचायचं, ही सक्ती केली कुणी? हवा म्हणजे काही जत्रेत हात सुटलेल्या बहिणी नव्हेत. केंब्रिज विद्यापीठाच्या होल्गर बाबिन्स्की यांचा एक छोटा व्हिडिओ आहे, पंखावरून धूर सोडलेला. वरचा धूर खालच्याला मागे टाकून चक्क आधी निघून जातो.

आता घरी करून बघा. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी घ्या. एक टोक खालच्या ओठाशी धरून वरून फुंका. लोंबणारी पट्टी उचलली जाते. वर्गात मी इथेच थांबायचे. पण तीच पट्टी सरळ खाली लोंबकळत धरा आणि एकाच बाजूने वरून खाली फुंका. थोडी फडफडेल, पण फुंकरीकडे ओढली जाणार नाही. नुसत्या वेगाने दाब कमी होत असता, तर जायला हवी होती.

फरक वळणाचा आहे. पहिल्या खेपेस पट्टी वाकलेली असते आणि फुंकर तिला धरून खाली वळते. वळायचं तर बाहेरून आत कुणीतरी रेटावं लागतं, आणि हवेला रेटणार कोण? दुसरी हवाच. म्हणजे वळणाच्या बाहेर दाब जास्त, आत पट्टीलगत कमी. खालून खोलीतला नेहमीचा दाब असतोच, तो पट्टी उचलतो. पंखावरही हेच. वर दाब कमी, म्हणून तिथे शिरणारी हवा वेग घेते. मी गाडी बैलापुढे जुंपली होती. कागदाचा सपाट पंखही नाक जरा वर असलं की हवा खाली वळवतो. एसटीच्या खिडकीबाहेर तळहात तिरका धरलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. (कंडक्टर ओरडतो ते वेगळं.)

आकडेमोड केली तेव्हा मीच चाट पडले. एअरबस ए३२० उड्डाणाच्या वेळी ७८ टनांपर्यंत भरतं, पंखांचं क्षेत्रफळ साधारण १२२ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे ६४० किलोंचा भार. पण समुद्रसपाटीला हवा दर चौरस मीटरवर दहा टनांनी रेटतच असते! पंखाच्या वर-खाली दाबात जेमतेम सहा-साडेसहा टक्क्यांचा फरक पडला, की एवढं धूड हवेत.

कागदाचं विमान नाक खुपसत असेल, तर पंखांची मागची कड किंचित वर दुमडायची असते. जप्त केलेल्या विमानाची ती कड दुमडलेली होती.