सुतळीने शिवलेले सहा अंक

मंगळवार, रात्र

पहाटे धामणगावला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेर शेकोटी पेटलेली होती. हात शेकले आणि पहिल्या एसटीनं गावात आलो. जाताना डोक्यावर जुन्या कॉमिक्सच्या दोन पेट्या होत्या, येताना एकच. आनंद व्हायला हवा होता. पण त्या एका पेटीत मावशीनं विकायला दिलेला गठ्ठा तसाच परत आला होता आणि तिला काय सांगू, हेच रात्रभर गाडीत डोक्यात फिरत होतं.

मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या जत्रेत, विक्रीचं टेबल लावण्याची माझी ही तिसरी वेळ. अख्ख्या टेबलाचं भाडं एकट्याला झेपत नाही, म्हणून पुण्याच्या एका मित्रासोबत अर्धं-अर्धं करतो. आपल्याकडे ही जत्रा 2011 मध्ये दिल्लीत सुरू झाली, मग इतर शहरांत गेली. आता तिथे जास्त गर्दी टी-शर्टांच्या, खेळण्यांच्या आणि वेष करून आलेल्या पोरांच्या मागे असते. जुन्या अंकांवाले आम्ही चार-पाच जण एका कडेला. पण ज्याला हवं असतं, तो बरोबर शोधत येतो.

खरी खरेदी-विक्री दार उघडायच्या आधीच होते, हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. टेबलं लागत असतात तेव्हाच एक विक्रेता दुसऱ्याच्या पेट्या चाळतो. पहिल्या वर्षी सकाळी साडेनऊला मी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या जुन्या मालिकेचे आठ अंक एका विक्रेत्याला दिले होते. दुपारी तेच अंक त्याच्या टेबलावर तिप्पट भावानं लागलेले पाहिले. मला फार लागलं होतं ते. त्यानं फसवलं नव्हतं, भाव मीच सांगितला होता. तेव्हापासून गाडीत बसायच्या आधी प्रत्येक अंकाचा भाव वहीत लिहून ठेवतो आणि सकाळी कोणी काहीही म्हटलं तरी वहीच्या खाली उतरत नाही.

भाव लिहायचा म्हणजे अंक वाचता आला पाहिजे, आणि तो आतल्या गोष्टीपेक्षा वेगळा वाचायचा असतो. आधी पिना पाहतो. पिन गंजली की कागदावर तांबूस डाग पसरतो आणि मधलं पान सुटतं. मग कसर लागली का, सेलोटेप मारली का. टेप सगळ्यात वाईट. वीस वर्षांनी ती वाळून गळून पडते, पण तिचा पिवळा पट्टा कागदात कायमचा बसतो. अमर चित्र कथेत तर छपाई ओळखावी लागते. एकच अंक अनेकदा छापला गेलाय, त्यामुळे वरची किंमत आणि आतला छपाईचा मजकूर दोन्ही पाहावे लागतात. त्या मालिकेचा ‘कृष्ण’ 11 क्रमांकाचा का, असं एका पोरीनं शनिवारी विचारलं. आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते, हे सांगितल्यावर तिनं वहीत लिहून घेतलं. असा ग्राहक मिळाला की दिवस कारणी लागतो.

आता त्या गठ्ठ्याचं.

मावशी आमच्या शेजारच्या गावची. तिच्या मालकाचं बाजाराच्या रस्त्यावर सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, सायकली भाड्यानं द्यायच्या आणि त्याच फळीवर कॉमिक्सही भाड्यानं. काका गेले, दुकान बंद झालं, अंक धाब्याच्या खोलीत पडून राहिले. बरेचसे वाळवीनं खाल्ले. दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा एका पत्र्याच्या डब्यात एक गठ्ठा शाबूत निघाला. मराठी इंद्रजालचे सहा अंक, दाभणानं टोचून पोत्याच्या सुतळीनं एकत्र शिवलेले, वर खाकी पुठ्ठा. पुठ्ठ्यावर काकांच्या अक्षरात “10 पैसे रोज”. मी रद्दीच्या भावानं कुणाकडूनच घेत नाही. मावशीला म्हटलं, विकलं की अर्धे तुझे.

इंद्रजाल 1964 मध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. सुरुवातीचा अंक साठ पैशांना. इंग्रजीसोबत हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ अशा भाषांतही ते निघायचं. पण माझ्या टेबलाशी येणारे दहातले सात जण इंग्रजीच मागतात. मराठी अंक दिसला की कौतुकानं हातात घेतात, “अरे, वेताळ!” (फँटमचं मराठी नाव) म्हणतात आणि ठेवून देतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इंग्रजी अंक शहरातल्या कपाटांत राहिले. आमच्याकडचे मराठी अंक सायकलच्या दुकानातून एका घरी, तिथून दुसऱ्या घरी, वावरातल्या मचाणावर, म्हशीच्या पाठीवर फिरले. वाचून वाचून संपले ते. म्हणून जे उरले, ते मला जास्त मोलाचे वाटतात.

रविवारी दुपारी एक गृहस्थ आले, साठीचे. गठ्ठा बराच वेळ उलटत राहिले. चौथ्या अंकाशी थांबले. भगवा कुर्ता, जीन्स. बहादूर. आबिद सुरतींनी 1976 मध्ये आणलेला आपल्या मातीतला नायक. “हा एकच द्या. पंधराशे देतो,” ते म्हणाले. बाकीच्या पाचांशी त्यांना काही घेणं नव्हतं. पुण्याच्या मित्रानं लगेच ब्लेड काढून हातात दिलं. मी सुतळीवर ब्लेड ठेवलं आणि कापवेना. एक तर पान फाटायची भीती. पण खरं सांगायचं तर तो पुठ्ठा, ते अक्षर, ते सहाही अंक मिळून ते एक दुकान होतं आणि मी ते मोडायला निघालो होतो. “जमणार नाही, साहेब,” म्हटलं. ते रागावले नाहीत. नंबर देऊन गेले.

संध्याकाळी एका विक्रेत्यानं अख्ख्या गठ्ठ्याचे अठराशे सांगितले. तो हॉटेलवर जाऊन अंक सुटे करणार, हे मला कळत होतं. त्यालाही नाही म्हटलं.

आज दुपारी मावशीकडे गेलो. ओसरीत कापसाचा ढीग, वेचणीच्या बाया नुकत्याच जेवायला बसलेल्या.

“इकलं का रे बाबू थे?”

“नाही मावशी. एकजण एकच अंक मागे. सुतळी कापा लागली असती.”

“मंग?”

“माया हात नाही चालला.”

“किती देत होता?”

“पंधराशे.”

मावशी काही बोलली नाही. त्यातले साडेसातशे तिचे होते, हे मला तिथे ओसरीत उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं. वेचणीच्या बायांचा हप्ता द्यायचा होता तिला. मी तिच्या पैशावर हळवा झालो होतो.

“आण इकडे,” ती म्हणाली. “म्याच शिवले होते ना सारे. दर उन्हाळ्यात शिवो. पोट्टे पानं फाडत, म्हून.”

तिनं गठ्ठा मांडीवर उलटा घेतला. नखानं पुठ्ठ्याची खालची कड उचलली. आत गाठ होती, ती मला दोन महिन्यांत दिसली नव्हती. दातानं गाठ सैल केली आणि एकेक टाका मागे घेत सुतळी ओढून काढली. एकही पान हललं नाही. सहाही अंक सुटे होऊन तिच्या लुगड्यावर पडले.

“कोनता पाह्यजे त्याले?”

मी बहादूर उचलला. तिनं उरलेले पाच पुठ्ठ्यात घालून माझ्याकडे सरकवले, सुतळी बोटाभोवती गुंडाळली आणि खिडकीतल्या डब्यात टाकली.

फोन मी तिच्या ओसरीतूनच लावला.